बोथट सुळे

३ मार्च, रविवार

हसले! अख्खं थिएटर हसलं. आणि पिक्चर विनोदी नव्हता. धाकट्या भावाचा व्हॅम्पायरचा पिक्चर — सहा वर्षांच्या सगळ्या रजा घालून केलेला. तळघरात राहून रक्त पिणारा तो जीव म्हणजे आमचे बाबा. वय एकाहत्तर, निवृत्त बस कंडक्टर.

पहिला हशा तळघराच्या जिन्यावर. बाबा एका पोरीला खाली नेतात आणि म्हणतात, "सांभाळून, पायरी आहे." हे लिहिलेलं नव्हतं, सवयीने तोंडातून गेलं. धाकट्याला नेमकं तेच आवडलं, ठेवून दिलं. मग बाबांनी ओठ वर करून सुळे दाखवले. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या, एक बाई तर खुर्चीतून घसरली.

ते सुळे मी केलेत.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडदा म्हणजे त्यांना नुसता उजेड. माझा हात दाबून म्हणाले, "हसतायत का गं?"

"घाबरल्यावर माणूस असाच हसतो, बाबा."

"हो का!" म्हणाले. खूश झाले.

धाकटा आत आलाच नाही. बाहेर तिकीट-खिडकीजवळच्या बाकावर बसून होता, पाण्याची बाटली पोटाशी धरून.

४ मार्च

पिक्चर कालपासून इंटरनेटवरही आहे. धाकट्याने सकाळीच फोन केला. "ताई, मी एकही प्रतिक्रिया वाचणार नाही. मोबाईलवरून सगळं काढून टाकलंय. छातीत धडधडतं. तूच बघ."

भावजयीला त्याने शब्द दिलाय — लोकांना आवडला तर पाणीपुरवठ्याची नोकरी सोडून हेच करायचं, नाही आवडला तर कॅमेऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. सातवा महिना आहे तिचा. शब्द तिने मागितला नव्हता, यानेच आपणहून दिला. असाच आहे तो.

"काल कसं झालं?" त्याने विचारलं.

"बरं झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

५ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीत वाचल्या.

"हा चावणार की पापा घेणार?"

"वटवाघळाचा दोरा दिसतोय. दोऱ्याचा अभिनय सगळ्यांत चांगला."

"आमचे आजोबा कवळी काढतात तेव्हा याच्याहून जास्त भीती वाटते."

"सुळे इतके गुळगुळीत की बघून झोप आली."

शेवटची चार वेळा वाचली. खरंच आहे. सतरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. माझी एकही कवळी 'टोचते' म्हणून परत आलेली नाही, त्याचा केवढा तोरा मला! सुळ्यांचं माप घेतलं तेव्हा बाबांच्या हिरड्या हुळहुळत होत्या. मग मी नेहमीसारखंच केलं. धार घालवली, टोकं घासली, पॉलिश केलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासलं. धाकटा म्हणत होता, "ताई, जरा टोकदार हवे होते का गं?" मी त्यालाच झापलं — "म्हाताऱ्या माणसाच्या ओठाला जखम करू?"

रक्तपिपासूला मी आरामशीर दात करून दिले! अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

६ मार्च

घरी आले तर बाबा केस विंचरून खुर्चीत तयार. "वाच. लोक काय म्हणतात?"

मोबाईल हातात धरला. तोंड उघडलं आणि निघालं ते हे — "सुळे बघून अंगावर काटा आला."

खोटं बोलायचंच होतं तर स्वतःच्याच कामाचं कौतुक! लाज वाटली. पण बाबांचा चेहरा असा उजळला की थांबता येईना. आणखी तीन रचल्या.

९ मार्च

रोज रचते. लॅबमध्ये साच्यात प्लास्टर ओतता ओतता वाक्यं जुळवते. एक गृहस्थ आहेत, त्यांना रात्रभर दिवा लावून झोपावं लागलं. एक आजीबाई आहेत, त्यांना जिन्यावरचं 'सांभाळून' ऐकून रडू आलं. हे खरं तर माझंच.

बाबा म्हणतात, "परत वाच. पाठ करतो." पस्तीस वर्षं सगळे थांबे तोंडपाठ होते त्यांना. दोनदा ऐकलं की झालं.

१२ मार्च

खऱ्या प्रतिक्रिया हजारावर गेल्या. बाबांच्या सुळ्यांचं चित्र आता सगळीकडे फिरतंय, खाली नाही नाही ते लिहिलेलं. लॅबमधल्या प्लास्टरवाल्या काकूंनी मलाच दाखवलं. हसून हसून डोळ्यांत पाणी त्यांच्या. "कुणी केलेत गं असले दात?"

मीही हसले.

ज्यांच्या चॅनेलवर पिक्चर आहे त्यांना फोन करून काढून टाका म्हटलं. "अहो ताई, उलट जोरात चाललाय!" म्हणाले.

१५ मार्च

धाकट्याला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. तो निदान कॅमेरा ठेवून देईल, मोकळा होईल. फोन लावला. "अरे, लोक काय लिहितात ते—"

"नको! तू नको सांगूस!" फोन ठेवला. आवाज मात्र बरा वाटला. हसरा.

का हसरा?

१९ मार्च

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं. पुढे ढकललं. साखर वाढलीय. डॉक्टरांनी सांगितलं आणि मला हायसं वाटलं! स्वतःचा बाप आंधळा राहावा असं वाटणारी मुलगी. शी.

घरी येताना रिक्षात म्हणाले, "बरा झाल्यावर पहिलं काम — सगळं स्वतः वाचणार. तुला उगाच रोज त्रास."

"त्रास कसला, बाबा."

२० मार्च

आज काही सुचलं नाही. कालचंच थोडं फिरवून वाचलं. बाबांनी लगेच पकडलं — "हे झालंय." मग म्हणाले, "नवं बघ ना. वाट बघत असतो."

कोण वाट बघतो, ते नाही सांगितलं. स्वतःच, दुसरं कोण!

२४ मार्च, रविवार

धाकटा आला. हातात वही. बाबा रोज दुपारी त्याला फोन करून एकूण एक प्रतिक्रिया सांगत होते. त्याने तारखा घालून उतरवून घेतल्यात. त्रेसष्ट. दिवा लावून झोपलेले गृहस्थ, रडलेल्या आजीबाई, सगळे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट माझ्या.

शुक्रवारी राजीनामा दिला त्याने. "लोकांनीच ठरवलं, ताई."

दुसऱ्या भागाचे दातही मीच करायचे. "अगदी असेच," म्हणाला. मी हो म्हटलं.