रिकामं यार्ड

१४ सप्टेंबर २००२, श्रूजबरी
अ‍ॅलन जेवायला आला होता. श्रीचा बॉस, वूस्टरच्या ब्रांचचा मॅनेजर. स्कॉटलंडहून दोन वर्षांसाठी आला आणि इथेच म्हातारा झाला. वरणभातावर लिंबाचं लोणचं घेऊन घाम पुसत म्हणाला, "कंपनीचा इतिहास लिहून हवाय. तू हिस्टरीची ना?" म्हटलं, हो, नागपूरला कॉलेजात शिकवत होते. "पैसे देता येणार नाहीत, तुझा व्हिसा..." माहितीये रे बाबा! नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांनी फुकट काहीही करावं, अमेरिकेला चालतं. हो म्हणून टाकलं. पाच वर्षं पोळ्या लाटून डोकं गंजलंय.

२ ऑक्टोबर
हेड ऑफिसातून जुन्या कागदांची खोकी आली. मूळ पुरुष लोहाराचा मुलगा. आगबोटींच्या इंजिनांची सिलिंडरं आतून कापायची मशिनं बनवायचा. पुढे तोफांच्या नळ्यांना तीच लागली, दोन्ही युद्धांत कंपनी गब्बर. मग मशिनं भारतातही गेली. श्री पुण्यात पहिल्या नोकरीत ह्यांच्याच मशिनवर शिकला. नंतर मूळ पुरुषाच्या घरचे कंटाळले, कंपनी विकली. आत्ताचा मालक तिसरा.
मूळ पुरुषावरचा माझा पहिला चॅप्टर वाचून अ‍ॅलन हसतच सुटला. "हा माणूस दर पानावर शपथ का घेतोय?" आता काय सांगू! आमच्याकडे इतिहास असाच शिकवतात.

१४ ऑक्टो.
खंडेनवमी. श्रीने दरवर्षीसारखं शोरूममधल्या मशिनला हळदकुंकू वाहिलं. अ‍ॅलन टोपी काढून शेजारी उभा. ईशा कारमधून उतरायलाच तयार नव्हती. "इट्स सो एम्बॅरसिंग, आई." अकराव्या वर्षी सगळंच एम्बॅरसिंग. पेढे मात्र चार खाल्ले.

९ नोव्हें.
आज यार्डाचा चॅप्टर लिहिला. भारी आवडला. मशिनचा बेड, म्हणजे खालची बैठक, बिडाचा, ओतीव लोखंडाचा असतो. ओतल्यावर लगेच कापायचा नाही, आत ताण असतो, मागाहून वाकतो. म्हणून उघड्या यार्डात टाकून द्यायचा. पाऊस, बर्फ, काय यायचं ते येऊ दे. दीड-दोन वर्षांनी आत घ्यायचा, मग त्याचं मशिन. यार्ड कधी रिकामं ठेवायचं नाही, हा मूळ पुरुषाचा दंडक.
श्रीला म्हटलं, आपलं ग्रीन कार्डही तिथेच पडलंय वाटतं. हसला नाही. अर्ज कंपनीच्या नावावर, श्रीचा व्हिसाही आता त्यावरच तगून. नोकरी सोडली की पुन्हा श्रीगणेशा.

२३ फेब्रुवारी २००३
शुगर लँडहून देशपांडेकाकांचा फोन. श्रीच्या वडिलांचे मित्र. त्यांच्या कंपनीत मशिनं सांभाळायची जागा आहे, शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. व्हिसा ते करतील, पण ग्री.का.चा अर्ज नव्याने. श्री विचारात. मी पण. टेक्ससचा उन्हाळा नागपूरवालीला काय घाबरवणार म्हणा.

२५ फेब्रु.
अ‍ॅलनने पुस्तकाच्या शेवटच्या पानासाठी फॅक्टरीचे नवे फोटो दिले. "बघ, यार्ड कसं लख्ख केलंय!" खरंच लख्ख. एक बेड नाही. नुसतं गवत.
म्हणजे पुढच्या दोन वर्षांत मशिन कशाचं करणार हे लोक?
अ‍ॅलनला फोन केला. बीड भंगारात विकलं म्हणाला, नव्या मालकांना टापटीप आवडते. आवाज मात्र बसलेला वाटला.
श्री आल्या आल्या फोटो पुढे धरला. "दुसरीकडून आणत असतील." कुठून? "मिनू, चार चॅप्टर लिहून कोणी इंजिनिअर होत नाही." चपलेने मारल्यासारखं झालं. पण श्री फोटो हातातून सोडेना. त्यालाही कळलंय, म्हणून तर ओरडतोय.

२८ फेब्रु.
श्रीने काकांना नकार कळवला. "अर्जाची चार वर्षं पाण्यात घालू? आता तर जवळ आलंय." मी पुन्हा फोटोचं काढलं. "तू घे मग निर्णय!" म्हणाला. काय घेणार? नोकरी त्याची, व्हिसा त्याचा, मी त्या व्हिसाची शेपटी. कणीक मळली. रडलेही.

६ जून
बंद. तिकडची फॅक्टरी, इथली ब्रांच, सगळंच. अ‍ॅलनने सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. श्री घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसला. ह्या घरात बूट घालून कधी कोणी...
"मी म्हटलं होतं" हे शब्द मी गिळले. देवा, ते खोटं ठरलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं!

११ जून
वकीलबाई म्हणाल्या, तूर्त टुरिस्ट व्हिसाचा अर्ज टाका, थोडे महिने मिळतील, तोवर नवी नोकरी शोधा. टुरिस्ट! श्रूजबरीत काय बघायचंय आम्हाला, दूधवाल्याचं दुकान?
श्रीने काकांना फोन केला. जागा मार्चमध्येच भरली. "तेव्हा हो म्हणायचं होतंस रे," एवढंच म्हणाले.

१९ जुलै
अ‍ॅलन येऊन गेला. इतिहास छापणार नाहीत. तरी त्याला सगळा हवा होता, प्रिंट काढून दिला. दारात म्हणाला, "मीनल, यार्डाचं मलाही कळलं होतं. वरून सांगितलं होतं, बोलू नकोस." श्री आतच होता, ऐकलं असणार. जेवायला थांब म्हणायला हवं होतं. नाही म्हणवलं.

२१ ऑगस्ट
श्री भाजी आणायला गेला होता. फोन वाजला. परवा बॉस्टनला इंटरव्ह्यू दिला, तिथली बाई. फार गोड बोलत होती. त्याच्यासारखा माणूस मिळत नाही म्हणे, सोमवारपासून येऊ दे, फक्त एकच विचारायचंय, तो इथे काम करू शकतो ना? व्हिसाबिसा काही नाही ना? आम्ही स्पॉन्सर करत नाही.
म्हटलं, ही विल कॉल यू. "जस्ट येस ऑर नो, हनी." म्हटलं, ही विल कॉल यू.
ईशा टेबलाशी बसून ऐकत होती. "आई, यू कुड हॅव जस्ट सेड येस."
तिला काय सांगू? मला मनातून तेच म्हणायचं होतं.
कार आली. तो पिशव्या घेऊन उतरतोय. आज शीळ घालतोय.