चार नंबरची सीट

३ मार्च

उद्यापासून बुडवणार! समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरने जायचं, म्हणून ते पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं ते आधी शिकायचं. त्याशिवाय कामावर घेत नाहीत. मग तुम्ही वीस वर्षं वेल्डिंग केलेलं असो नाहीतर दोनशे! तलाव एका गोदामात आहे. वर साखळ्यांना टांगलेला पत्र्याचा डबा, आत सीटा, बाजूला खिडक्या. माणसं आत बांधायची, डबा पाण्यात सोडायचा आणि उलटा करायचा. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात — इथे डोकं आधी.

बारक्या तलाव बघून दाराशीच थांबला. बायकोचा धाकटा भाऊ, रंगारी. सहा फूट वाढलाय, तरी घरात बारक्याच. पोहायला येत नाही हे इथे आल्यावर सांगतोय, शहाणा! निघताना ही म्हणाली होती, "माझा भाऊ तुमच्या पदरात घातलाय." मला कुठला आलाय पदर!

४ मार्च

आम्ही पाचजण, चार देशांचे. शिकवणाऱ्याला मी मास्तर म्हणतो. त्याचे नियम असे. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट. डबा उलटून थांबेपर्यंत हलायचं नाही. मग खिडकी ढकलायची, आणि शेवटी पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर वर कुठे नि खाली कुठे कळत नाही. वर आलं की आपल्या सीटचा आकडा ओरडायचा — आपापल्या भाषेत चालेल. मी तीन, बारक्या चार. आमची भाषा इथे आम्हा दोघांशिवाय कुणाला येत नाही.

माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, पण निघालो. बारक्याने दोन्ही वेळा पट्टा आधी सोडला. पाण्यात राखणीला दोन डायव्हर असतात, त्यांनी ओढून काढला. मास्तर म्हणाला, असंच चाललं तर घरी पाठवू. मग मीही त्याला नको नको ते बोललो. घरी दोन म्हातारी माणसं, माझे सासू-सासरे, याच्या नोकरीकडे डोळे लावून बसलीत. आता वाईट वाटतंय.

५ मार्च

आज बारक्या स्वतःहून वर आला! मी पाठ थोपटायला गेलो तर मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला.

"दाजी, माझ्या आधी माझ्या खिडकीतून कोणीतरी बाहेर गेलं."

डायव्हर असेल, म्हटलं. तर म्हणे, "डायव्हर बाहेर असतात, हा आतून गेला. माझ्या मांडीवरून सरकत गेला. माझ्यासारखेच नारिंगी कपडे होते." भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! मास्तरला सांगू का, असं विचारत होता. मी दटावलं. असलं काही ऐकलं तर आज रात्रीच घरचं तिकीट काढतील.

६ मार्च

तलाव बंद. पंप बिघडलाय म्हणे. बारक्या मला सारखा विचारतोय, आत्ता पाण्यात कोण आहे? कोण असणार!

७ मार्च

परीक्षा झाली. आज सगळं नीट लिहितो. कुणाशी बोलता येणार नाही.

डबा उलटला. मी मोजत थांबलो, खिडकी ढकलली, वर आलो, "तीन!" ओरडलो. मागोमाग माझ्या शेजारी "चार!" ऐकू आलं. आमच्या भाषेत, बारक्याच्या आवाजात. सुटलो एकदाचे, असं वाटलं. वळून बघतो तर शेजारी कुणी नाही. नुसतं पाणी हलत होतं.

दोन्ही डायव्हर पलीकडे होते. आमच्यातल्या स्वयंपाक्याचा पाय अडकला होता, त्याला सोडवत होते; मास्तरही तिकडेच धावला होता. मी परत खाली गेलो. बारक्या उलटा लटकलेला. पट्टा तसाच, एक हात खिडकीच्या कडेला, डोळे उघडे. पट्टा सोडवून कॉलर धरून वर काढला. तो खोकत काठावर पडला तेव्हा मास्तर म्हणत होता, चार नंबर उत्तम, सगळ्यात झकास निघाला. आणि बारक्याच्या नावापुढे खूण केली.

परीक्षेत दुसऱ्याने हात लावला की दोघंही नापास. मी बोललो असतो तर दोघंही घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ती हाक कुणाची? मास्तरने ऐकली, मी ऐकली. बारक्या तर खाली होता.

८ मार्च

पास झाल्याची कार्डं मिळाली. बारक्या आज पोटभर जेवला, मास्तरची नक्कल केली, पार पोट धरून हसलो. किती दिवसांनी! मग मध्येच थांबून म्हणाला, "दाजी, पास तो झाला. मग तो गेला कुठे?"

गेला खड्ड्यात, म्हटलं. झोप आता.

९ मार्च

हवा खराब. हेलिकॉप्टर उद्या. दोघांनी मिळून कपडे धुतले. घरी फोन लागला नाही.

१० मार्च

सकाळी बायकोचा फोन, माहेरून. रडत होती, आनंदाने. म्हणाली, "अहो, बारक्या परत येतोय हे आधी कळवायचं तरी! दार उघडलं तर समोर उभा. अंग नुसतं गारठलंय हो त्याचं. बोलत नाही फारसं. आईने जवळ घेऊन बसवलंय."

बारक्या माझ्यासमोर खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

मी म्हटलं, आई-बाबांना घे आणि तशीच बाहेर पड, शेजारी जा. ती चिडलीच. "काहीतरीच काय बोलता? माझ्या भावाला टाकून कुठे जाऊ? थांबा, त्यालाच देते फोन."