नाव ठेवलेली गावं

२१ एप्रिल २०२१, बुधवार. रायस्वाइक

आईला बेड मिळाला. मोहनकाकांचा फोन आला तेव्हा मी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटात रांगेत, हातात टोपली. "वल्लरी, मिळाला गं. कोविड सेंटरच्या दारापर्यंत सोडलं, आत नाही घेतलं मला." काका म्हणजे सांगलीतले आमच्या वरच्या मजल्यावरचे. सख्खं कोणी करणार नाही एवढं करतायत. बाबाही पॉझिटिव्ह, घरातच, अंगात ताप. काकू दाराबाहेर डबा ठेवतात.

आईचा ऑक्सिजन शहाऐंशी.

सामान तिथेच सोडून घरी आले. कशाला गेले होते तेही आठवत नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

आईला हलवलं. त्या सेंटरमध्ये ऑक्सिजन पुरेना म्हणून सात पेशंट दुसरीकडे पाठवले, त्यात ती. "कुठे?" तर म्हणे तीन ठिकाणी गेलेत, तिकडे विचारा. पर्स काकांकडेच राहिलीय, आधारकार्ड पर्समध्ये. फोन तिच्याकडे आहे आणि बंद आहे.

बाबांना सांगितलंय की वॉर्डात फोन वापरू देत नाहीत. पटलं त्यांना. किंवा पटवून घेतलं.

२३ एप्रिल, शुक्रवार

तिन्ही सेंटरना फोन झाले. सुचेता रविकांत आठल्ये, वय चौसष्ट. तिन्हीकडे एकच उत्तर — या नावाचा पेशंट नाही. अहो, मग अँब्युलन्समधून बाई कुठे उतरली? "मॅडम, इथे दोनशे पेशंट आहेत." फोन ठेवला त्यानं. त्याचंही बरोबर आहे, पण मला त्याचा गळा धरावासा वाटला.

२४ एप्रिल, शनिवार

नाव चुकीचं लिहिलं असेल असं माझ्या डोक्यात आलं. काकांना यादीच करून दिली : सुचिता, सुजाता, सुनेत्रा, सुनीता. आठल्ये, आठवले, आठले, आपटे. काका बिचारे सगळी नावं घेऊन पुन्हा तिन्हीकडे. एक सुजाता आठवले सापडली! मी इथे खुर्चीतून उठून उभी राहिले. ती निघाली पस्तीस वर्षांची, इस्लामपूरची.

जेवण नाही. भात केला होता, तसाच कुकरमध्ये आहे.

२५ एप्रिल, रविवार

नाही.

आज काकांनी ती दुसरी, वारलेल्यांची यादीही बघून घेतली. मला न सांगता. आवाजावरून कळलं. तिच्यातही नाही.

२६ एप्रिल, सोमवार

आज संध्याकाळी सहापासून भारतातून इथे येणारी विमानं बंद. म्हणजे जाता येईल, परत येता येणार नाही. गेलं उडत परत येणं. पण जाऊन करू काय? आठवडाभर कोंडून ठेवतील, नंतर वॉर्डाच्या दारात उभं करतील. काका जिथे उभे आहेत तिथेच मी उभी राहणार.

तरी तिकीट बघत बसले दुपारभर. शेवटी लॅपटॉप बंद केला आणि उशीत तोंड घालून ओरडले. खालच्या बाईला ऐकू गेलं असावं.

२७ एप्रिल, मंगळवार

इथल्या डच राजाचा वाढदिवस. समोरच्या बाल्कनीत केशरी पताका, खालच्या बाईनं केशरी केकचा तुकडा दाराशी ठेवलाय. बरं वाटावं म्हणूनच ठेवला असेल. तसाच फ्रिजमध्ये टाकला.

मराइकेची मेल आली. माझी लायडन विद्यापीठातली पीएच.डी.ची गाइड. तिला आईचं कळवलं होतं, त्यामुळे "हवा तेवढा वेळ घे" वगैरे लिहिलंय, आणि खाली तिसऱ्या प्रकरणावर शेरे. ग्रीक राजा सेल्युकसनं सीरियात वसवलेली शहरं. आईच्या नावाचं लाओडिकिया, बायकोच्या नावाचं अपामेया, बापाच्या नावाचं अँटिओक, स्वतःच्या नावाची तर किती! मी जिथे जिथे "वसवलं" लिहिलंय तिथे तिथे तिनं गोल काढलाय. शेजारी एकच प्रश्न : आधीपासून तिथे राहणारी माणसं त्या गावाला काय म्हणायची?

माझी आई हरवलीय आणि हिला गावाचं नाव पडलंय. डोंबल माझं.

२८ एप्रिल, बुधवार

नीट लिहिते.

सकाळी काकांचा फोन येईपर्यंत काहीतरी करायला हवं म्हणून प्रकरण उघडलं. हलब या सीरियातल्या जुन्या शहराचा परिच्छेद. सेल्युकसनं हलबचं नाव बेरोइया ठेवलं, आपल्या मुलखातल्या एका गावावरून. नऊशे वर्षं कागदोपत्री बेरोइया. ग्रीक गेले, रोमन गेले, आणि गाव पुन्हा हलब. म्हणजे बाजारात, घरात, आया पोरांना हाका मारायच्या तिथे ते हलबच राहिलं असणार, असं मी टाइप करत होते. आणि "असणार"वर माझा हात थांबला.

आईचंही नाव बदललेलं आहे.

बाबांना फोन लावला. "बाबा, आईचं माहेरचं नाव काय?"

"हेर्लेकर."

"आडनाव नाही. नाव."

ते म्हणाले, "अगं, ते लग्नातच बदललं की."

"पण होतं काय?"

"जुनाट होतं काहीतरी. नदीचं... नाही, गावाचं होतं. थांब, आठवतो."

आठवेना त्यांना! बेचाळीस वर्षं! ताटात तांदूळ पसरून अंगठीनं 'सुचेता' लिहिलं ते आठवतं, ताट चांदीचं होतं आणि त्यांच्या मावशीचं होतं, हेही आठवतं. मी ओरडले त्यांच्यावर. तापलेल्या माणसावर ओरडले. ते रडायला लागले, म्हणाले, "का विचारतेस? ती कुठेय, खरं सांग." मग सगळं सांगावं लागलं.

आणि मी तरी? चौतीस वर्षांची घोडी. सेल्युकसच्या बायकोचं माहेर, तिच्या बापाचं नाव, मुलगे, सगळं मला तोंडपाठ. आईला एकदाही विचारलं नाही.

बेळगावला गुरुनाथमामाला लावला. आईचा धाकटा भाऊ, तो तिला अक्काच म्हणतो. पण त्यानं क्षणही घेतला नाही. "मथुरा की. मथुरा दिनकर हेर्लेकर. आजीचं नाव ठेवलेलं. का गं, काय झालं?"

काकांना कळवलं. वीस मिनिटांनी त्यांचा फोन. म्हणाले, "आहे. दुसऱ्या सेंटरला. बेड सव्वीस. मथुरा हेर्लेकर म्हटल्यावर ती पोरगी म्हणाली, आहेत की, सहा दिवस झाले, यांचं कोणीच कसं आलं नाही?"

कोणीच कसं आलं नाही.

२९ एप्रिल, गुरुवार

व्हिडिओ कॉल, दोन मिनिटं. पांढऱ्या पोशाखातली सिस्टर, फक्त डोळे दिसतात. "मथुराआजी, बघा कोण आलंय." आईनं लगेच मान वळवली. लगेच! तोंडावर मास्क, बोलता येत नाही. हात थोडा वर केला. किती बारीक झालाय हात.

मी आई आई एवढंच म्हणत राहिले.

डॉक्टर म्हणाले पुढचे चार दिवस बघू. प्राणवायू कमी पडला की पेशंटला भ्रम होतो, जुनं आठवतं, नवं पुसतं. त्यामुळे ते नाव सांगितलं असणार.

३ मे, सोमवार

ऑक्सिजन दहा लिटरवरून सहावर.

मराइकेला प्रकरण पाठवलं. "वसवलं" सगळीकडून काढलं. चौदा ठिकाणी होतं. "नाव ठेवलं" लिहायचा मोह झाला, पण इंग्रजीत त्याचा निम्माच अर्थ गेला असता. आपल्याकडे नाव ठेवतात आणि नावंही ठेवतात, बाईला तर दोन्ही. हे मराइकेला कुठल्या तळटीपेत सांगू?

बाबा रोज विचारतात, "रागावली असेल का गं?" मी सांगते, तिला काही आठवणारही नाही. भ्रमात होती.

५ मे, बुधवार

दोन लिटर. दूध-भात खाल्ला.

९ मे, रविवार

आई काल घरी आली. आज दुपारी पहिल्यांदा नीट बोललो, बाबा आंघोळीला गेले होते तेव्हा. मी गमतीनं म्हटलं, "तापाच्या भरात भलतंच नाव सांगितलंस. आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो."

"ताप उतरला होता तेव्हा," ती म्हणाली. "त्या पोरीनं विचारलं, आजी, नाव काय तुमचं? म्हटलं, जायचंच आहे तर आपल्या नावानं जावं."

"अगं, पण आम्ही शोधत बसू, सापडणार नाहीस, हे मनात नाही आलं?"

"आलं होतं," म्हणाली.