टॅम्सिनने घेतलेलं नाव

१२ मे १६४८, व्हर्जिनिया

पुन्हा तंबाखूच! शेताचा मागचा तुकडा तरी मक्याला ठेवा म्हटलं, तर आमचे हे, ओबेड, म्हणाले, "मका देऊन कर फिटतो का?" इथे कर तंबाखूत, पाद्र्याचा पगारही तंबाखूत.

मॅसॅच्युसेट्सला प्रार्थनाघराभोवती घरं होती. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते वासाने कळायचं. इथे शेजार म्हणजे नदीतून होडीने अर्धा दिवस. शाळा नाही. माणसं तापाने पटापट जातात, आणि विधवेचे डोळे सुकायच्या आत दारात नवे नवरे उभे!

तिथून आम्हाला हाकललं ते एका वाक्यापायी. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा कशाला, त्याला काय कळतं — ओबेड भर सभेत बोलले. "शब्द मागे घे रे," सगळ्यांनी विनवलं. नाही घेतला! बर्फातून चालत निघालो. केवढा अभिमान वाटला होता मला.

३० मे

ओबेड चर्चचे कारभारी झाले. राजाच्या चर्चचे, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या! कॅप्टन थोरोल्डनी शब्द टाकला. जहाज लागतं तो धक्का कॅप्टनचा. न्यायाला बसतात तेही कॅप्टनच, गव्हर्नरने नेमलेले. तिकडे मॅसॅच्युसेट्सला निदान सभेत न्यायाची माणसं निवडायचे. मत फक्त चर्चच्या सभासदांना, बायकांना नाहीच — पण निवडायचे.

"अहो, यासाठी आलो होतो का आपण?"

"धक्का नसेल तर तंबाखू काय डोक्यावरून नेऊ लंडनला?"

१९ जून

मीठ घेऊन आलेला नावाडी म्हणाला, "मेरीलँडला चला की. तिथला मालक कॅथलिक, पण कोण कशी प्रार्थना करतो ते कुणी विचारत नाही."

ओबेड खेकसले, "पोपच्या माणसाखाली राहू?"

कॅप्टनखाली चालतं!

८ जुलै

टॅम्सिन आली होती. कॅप्टनची बांधील मोलकरीण — जहाजाच्या भाड्यापायी वर्षं लिहून दिलेली. पोट दिसायला लागलंय. "थोडेच दिवस राहिले होते हो बाई. सुटले असते."

बांधील बाईला लग्नाशिवाय मूल झालं की तिची सेवा वाढते. त्याच मालकाकडे! आणि तक्रार करायची ती चर्चच्या कारभाऱ्याने. म्हणजे ओबेडनी.

"तुमच्याकडे असंच चालतं का, बाई?"

"तिकडे मुलाच्या बापालाही फटके बसले असते," मी म्हटलं. मग खरं तेच सांगितलं, "आणि तुलाही."

हसली बिचारी.

९ जुलै

ओबेडनी तक्रार दिली.

२ ऑक्टोबर

टॅम्सिन मोकळी झाली. मुलगी. जिवंत आहे.

सुईण नव्हती, मीच होते. वेणा ऐन भरात असताना बापाचं नाव विचारायचं, अशी रीत आहे. त्या वेळी बाई खोटं बोलत नाही म्हणतात, म्हणून ते नाव न्यायालयात चालतं. मला विचारवत नव्हतं. विचारलं. तिने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "थोरोल्ड! कॅप्टन थोरोल्ड!" आणि मग, "सांगाल ना बाई? माझं कुणी ऐकायचं नाही. तुमचं ऐकतील."

सांगेन म्हटलं.

३ ऑक्टोबर

ओबेडना सांगितलं. खूप वेळ बूट पुसत बसले. मग म्हणाले, "नाव ऐकूच आलं नाही म्हण."

"शपथेवर?"

"जहाज येतंय. वर्षभराचं पीक कोठारात टांगलंय. उद्या त्याने धक्का बंद केला तर खायचं काय?"

मी बूट उचलून दाराशी ठेवले. होकार समजले असावेत.

११ ऑक्टोबर

कॅप्टन स्वतःच न्यायाला बसले होते. मी शपथ घेतली, आणि नाव घेतलं. मोठ्याने.

ओबेड उठले. बायबलवर हात ठेवला. म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोला कमी ऐकू येतं."

सगळे हसले. टॅम्सिनची दोन वर्षं वाढली.