बरणीतली गाठ

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या काखेत नवी गाठ लागते, हे तुझ्या पत्रात वाचलं. आज सांगतेच. दोष माझा आहे.

ऑपरेशननंतर तुझ्या स्तनातली गाठ आमच्याच लॅबमध्ये, माझ्या टेबलावर आली. ती लगेच कापून फॉर्मालिनमध्ये ठेवायची असते, म्हणजे औषध आतपर्यंत मुरतं. मी अख्खीच बरणीत टाकली आणि तुझ्याकडे वर वॉर्डात धावले. कापली दुसऱ्या दिवशी. तोवर आतला भाग खराब झाला असणार. हार्मोन पेशीला जिथे चिकटतो त्या रिसेप्टरची चाचणी म्हणूनच ‘नाही’ आली असावी, मी गप्प बसले, आणि हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या तुला मिळाल्याच नाहीत.

इथल्या संशोधक बाई मायक्रोआरएनए नावाच्या बारीक रेणूंवर काम करतात. त्या म्हणाल्या, यातले काही पेशीला घर सोडू देत नाहीत, काही तिला भटकायला मोकळीक देतात; आणि हार्मोन रिसेप्टरला चिकटला की त्यांचं प्रमाणही बदलतं. मी मान डोलावत होते आणि मला तुझी बरणी दिसत होती.

काल, ऑपरेशनआधी सुईने काढलेला तुझ्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासला. रिसेप्टर आहेत, ताई. स्लाइड तपकिरी झाली. आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते तुझ्या डॉक्टरांशी बोलतील. नोकरीचं व्हायचं ते होवो. माया पातळ करू नकोस, एवढं मागायलाही मला तोंड नाही.

तुझी,
घाईबाई

१९ मार्च

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. चार दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. सहा महिने गप्प बसलीस, त्याचा राग अजून आहे; जाईल तेव्हा जाईल. तुझ्या भाऊजींना सांगितलेलं नाही, नाहीतर घर डोक्यावर घेतील.

गोळ्या सुरू झाल्या. काखेत पसरलंय, हाडं आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तर पसरलं नसतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पण त्या दिवशी शुद्धीवर येताच मीच नर्सच्या मागे लागले होते, की माझ्या बहिणीला हातातलं काम टाकून आत्ताच्या आत्ता बोलवा. तू ते पत्रात लिहिलंच नाहीस. लहानपणापासून अशीच आहेस, शहाणे.

तुला कामावर ठेवलंय, हे ऐकून जीव भांड्यात पडला. सोमवारी काखेतली गाठ काढायला तिकडेच येते. ती तुझ्याच टेबलावर द्यावी, असं मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय. मी कितीही हाका मारल्या तरी आधी गाठ काप, मग वर ये. मी थांबेन.

लोभ होता तसाच आहे.
ताई