पोटात सोडलेलं औषध

दि. ९ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. साष्टांगाच्या आठ अंगांत पोट धरलेलं नाही, म्हणून नमस्कार निभावला.

दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं, जठरातला कर्करोग बाहेर पडून पोटाच्या अस्तरावर दाण्यांसारखा पसरलाय. शिरेतून दिलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. म्हणून पोटावर कातडीखाली एक बटण बसवलंय. त्याची नळी आत उघडते. बटणात सुई टोचून औषध थेट पोटात सोडतात आणि मग मी या कुशीवरून त्या कुशीवर लोळतो. घागर विसळतात ना, तसा. जन्मभर संस्कृत शिकवून शेवटी हाती आली ती लोळण.

पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालतील. दाणे विरले असतील तर जठर काढून टाकतील. नसतील तर ते माझ्याकडेच राहील, आणि मी फार दिवस त्याच्याकडे राहणार नाही.

नर्सबाई माझ्यावर खूश आहेत. दुखतंय का विचारलं की मी ‘उत्तम’ म्हणतो. गेल्या खेपेला बटणाभोवती आग झाली, लिंबाएवढा फुगवटाही आला. सांगितलं नाही, उगाच औषध थांबवायचे.

लोभ आहेच, वाढवलास तरी कूस बदलताना अडचण होणार नाही.

तुझा,
पंडित

दि. १४ जून

चि. पंडितास,
आशीर्वाद शेवटी, आधी हे वाच.

औषध पोटात सोडलं, तर फुगवटा पोटाबाहेर कसला? जे बाहेर साठलं ते आत गेलं नाही, एवढं कळायला संस्कृत लागत नाही. तुझी बायकोही मला ‘उत्तम’च लिहिते. आपल्या घरात येऊन बिचारी हेच शिकली. ही रीत वडिलांची. अण्णा शेवटच्या संध्याकाळपर्यंत ‘उत्तम’ म्हणत होते आणि आपण त्याचं कौतुक सांगत फिरलो.

आजच जा. रुसायचं असेल तर आल्यावर रूस.

अनेक आशीर्वाद, आणि तेवढाच राग.

ताई

दि. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. अक्षर हिचं, मजकूर माझा.

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. नळी पोटातून निसटून कातडीखाली आली होती. किती औषध आत गेलं, किती बाहेरच मुरलं, कुणालाच सांगता येईना. नर्सबाई म्हणाल्या, मास्तर, एक शब्द तरी बोलायचात. बटण काढलं. तिथली कातडी काळवंडलीय.

काल दुर्बीण घातली. दाणे वाढलेत, पाणीही साठलंय. जठर आता काढणार नाहीत. जखम भरली तर नवं बटण बसवू, असं डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले. औषध नीट पोचलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

हल्ली दुखलं की सांगतो. हिला ते ऐकायची सवय नाही. पाणी आणते म्हणून उठते आणि बराच वेळ येत नाही.

बाकी भेटीत. ये.

एवढ्या ओळी माझ्या हातच्या. मी ‘सवडीने ये’ म्हणालो होतो. वाचून पाहिलं, तर हिने नुसतं ‘ये’ लिहिलंय. तसंच राहू दिलं.

पंडित