तलावाच्या गेटवरचा नंबर

हिमांशूचे बाबा,

गावतलावाच्या गेटवर तुम्ही रंगवलेला मोबाईल नंबर कंपनीनं बंद केला. तुम्ही गेल्यापासून पाण्याच्या पाळीचे फोन मीच घेत होती. गोंदियाच्या दुकानात म्हणाले, "सिम ज्यांच्या नावावर, त्यांनाच आणा." मृत्यूचा दाखला दाखवला, तरी तेच.

मग ग्राहक आयोगात गेली. तक्रारदाराच्या जागी सवयीनं तुमचंच नाव लिहिलं. तिथला बाबू म्हणाला, "रिचार्ज कोण करते? वापरते कोण? मग ग्राहक तुम्हीच, बाई."

तुमचं नाव खोडलं. राग मानू नका.

नोटीस गेली आणि काल नंबर सुरू झाला. पहिलाच फोन आला, "आता पाण्याचं कोणाले विचारायचं?"

म्हटलं, "मले."

गेट उघडायले निघून राहिली,
पुष्पांजली